गलदश्रू : हा शब्द आला कुठून आणि शिवी कधी झाला?

अनुस्वार (धागाकर्ती)

पुस्तकांच्या परीक्षणांत आणि नाट्यसमीक्षेत एक शब्द हमखास भेटतो : गलदश्रू. 'गलदश्रू शेवट', 'गलदश्रू कौटुंबिक नाटक', 'लेखकाने गलदश्रू होण्याचा मोह टाळला आहे', वगैरे. अर्थ संदर्भावरून कळतो. नको तितकं हळवं, वाचकाला रडवायचंच असा चंग बांधून केलेलं. पण बोलताना हा शब्द कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. बोलताना आपण 'रडकं' म्हणतो, 'सेंटी' म्हणतो, फार तर 'जरा अतीच झालं' म्हणतो. गलदश्रू फक्त छापील, आणि तोसुद्धा दुसऱ्याला टोचण्यापुरता. 'मी काल फार गलदश्रू झालो होतो' असं कुणी स्वतःबद्दल लिहीत नाही.

तर याची फोड काय? संस्कृतातही तो असाच हिणवणारा होता का? आणि भावुक, हळवा, भावविवश यांच्यापासून तो नेमका वेगळा कुठे पडतो?

तिरकस

सोपं आहे. गलत + अश्रू. चुकीच्या जागी आलेले अश्रू. धागा बंद करायला हरकत नाही. (हलकेच घ्या.)

पानगळ

मी तरी 'गल' म्हणजे गळा असंच धरून चालले होते. गलगंड, गलग्रह यांतला गल. डोळ्यांपर्यंत न पोचता गळ्यातच दाटलेले अश्रू. 'गळा दाटून येणे' आहेच की आपल्याकडे.

ओळंबा

पानगळताई, कल्पना सुंदर आहे, पण मग शब्द 'गलाश्रू' झाला असता. मधल्या 'द'चा हिशेब लागत नाही.

'गल्' हा धातू आहे : ठिबकणे, पाझरणे, खाली पडणे. मराठीतलं गळणे त्याच घरचं. त्याचं चालू क्रिया दाखवणारं रूप 'गलत्', म्हणजे गळत असलेला. पुढे स्वर आला की त् चा द् होतो. जगत् + ईश = जगदीश, चित् + आनंद = चिदानंद, तसंच गलत् + अश्रु = गलदश्रु. समास बहुव्रीही : ज्याचे अश्रू गळत आहेत असा तो.

याच धातूचं दुसरं रूप 'गलित' आपल्या जास्त ओळखीचं आहे. गलितगात्र, गलितधैर्य. गलित म्हणजे गळून गेलेलं, प्रकरण संपलेलं. गलत् म्हणजे गळतंच आहे, थांबायचं नाव नाही. टीकाकारांना चालू रूपच सापडलं, हे फार चपखल झालं.

आणखी एक गोष्ट. बहुव्रीही असल्यामुळे हे मुळात माणसाचं विशेषण आहे. 'गलदश्रू कादंबरी' म्हटलं की अश्रू कुणाचे ते कळत नाही. नायिकेचे, लेखकाचे, की वाचकाचे? नायिका पानोपानी रडते आणि वाचक कोरडा राहतो अशी पुस्तकं आहेत. पुस्तकात कुणीच रडत नाही आणि वाचणाऱ्याला पुढची ओळ दिसेनाशी होते, अशीही आहेत. आपण यांतल्या पहिल्या प्रकाराला गलदश्रू म्हणतो. म्हणजे या शब्दाच्या आजच्या वापरात गंमत अशी की वाचकाचे अश्रू प्रत्यक्षात गळलेच, तर आरोप बराचसा ढिला पडतो.

तिरकस

म्हणजे माझी फोड व्याकरणात चुकली आणि अर्थात बरोबर निघाली. आभारी आहे.

निळी शाई

अनुस्वार, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, संस्कृतात हिणवणं मुळीच नव्हतं. उलट फार वरची जागा होती.

चैतन्य महाप्रभूंच्या (१४८६–१५३४) शिक्षाष्टकातला सहावा श्लोक बघा :

'नयनं गलदश्रुधारया वदनं गद्गदरुद्धया गिरा ।
पुलकैर्निचितं वपुः कदा तव नामग्रहणे भविष्यति ॥'

तुझं नाव घेताना माझ्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा कधी गळतील, वाचा गद्गदून कधी अडेल, अंगभर काटा कधी उभा राहील? इथला 'कदा' महत्त्वाचा. भक्त ही अवस्था मागतो आहे. ती अजून आलेली नाही आणि आणू म्हटल्याने येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

यामागे आणखी जुनी परंपरा आहे ती नाट्यशास्त्राची. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन पूर्ण एकाग्र झालं की शरीर जे करतं ते. भक्तिसंप्रदायांनी ही यादी रंगमंचावरून उचलून देवापुढे नेली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची अवस्था वाचा : 'चित्त चाकाटलें आटु घेत । वाचा पांगुळली जेथिंची तेथ । आपादकंचुकित । रोमांच आले', आणि लगेच 'अर्धोन्मीलित डोळे । वर्षताति आनंदजळें'. हा संजय गलदश्रूच आहे. त्याच्यासमोर बसलेला धृतराष्ट्र मात्र पुराच्या पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म. ही उपमा माउलींचीच, माझी नव्हे. त्या प्रसंगात हसं होतं ते न रडणाऱ्याचं.

तुकोबाही हेच मागतात : 'सद्गदित कंठ दाटो । येणें फुटो हृदय', पुढे 'नेत्रीं जळ वाहो सदा'.

आता आजचं वाक्य घ्या : 'साहेबांचं भाषण ऐकून कार्यकर्त्यांचे अष्टसात्त्विक भाव दाटून आले.' हे सरळ अर्थाने कुणी लिहील का? म्हणजे घसरण एकट्या गलदश्रूची नाही. सद्गदित, गदगदणे, रोमांचित, सगळं बिऱ्हाडच उपहासाच्या गल्लीत राहायला गेलं आहे.

अनुस्वार

कमाल आहे. पण मग उलटलं कधी? जुन्या लोकांना अति रडारड खटकतच नव्हती का?

दीडशहाणा

खटकत होती. फक्त त्यासाठी त्यांनी अश्रूंना दोष दिला नाही. माझ्या मते या धाग्याचा गाभा इथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. त्याच्या तिसऱ्या उद्द्योतात (म्हणजे प्रकरणात) रसाला मारक ठरणाऱ्या गोष्टींची यादी आहे. त्यातली एक : 'परिपोषं गतस्यापि पौनःपुन्येन दीपनम्'. पूर्ण पोसला गेलेला रस पुन्हा पुन्हा पेटवत बसणे. एकदा आस्वाद घेऊन झालेला रस परत परत चिवडला की तो हाताळून कोमेजलेल्या फुलासारखा होतो, असं तो म्हणतो.

अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात हाच दोष तीन शब्दांत बसवला : 'दीप्तिः पुनः पुनः'. आणि उदाहरण कुणाचं द्यावं? कालिदासाचं! कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गातला रतिविलाप. मदन जळून गेला, रती शोक करते आहे. शोक शिगेला पोचतो, मग मदनाचा मित्र वसंत समोर येतो आणि तिचा उमाळा पुन्हा फुटतो. मम्मट म्हणतो, इथे चुकलं. कविकुलगुरू म्हणून सूट नाही.

लक्षात घ्या, रती रडते हा आक्षेप नाही. नवरा डोळ्यांदेखत राख झाल्यावर तिने रडायचं नाही तर काय करायचं? आक्षेप कवीवर आहे. निखारा विझत आला की तो पुन्हा फुंकर घालतो, कारण वाचक सुटेल याची त्याला भीती आहे.

मम्मटाच्या त्याच यादीत सगळ्यात पहिला दोष आहे तो 'शब्दवाच्यता'. रसाचं किंवा भावाचं नाव घेऊन मोकळं होणं. 'तिला अपार दुःख झालं', 'त्याचं मन करुणेने भरून आलं'. कारण दाखवा, परिणाम दाखवा, दुःख हा शब्द वाचकाच्या मनात उमटू द्या. तुम्हीच तो उच्चारला तर वाचकाला काम उरत नाही. आज लेखनाच्या कार्यशाळांत 'सांगू नका, दाखवा' म्हणून जे शिकवतात ते काश्मीरच्या पंडितांनी हजार वर्षांपूर्वी दोष म्हणून नोंदवलं होतं.

हे दोन दोष एकत्र करा : भावनेचं नाव घ्या, आणि ते पुन्हा पुन्हा घ्या. झालं आपलं आधुनिक गलदश्रू. तेव्हा दोषाला वेगळं नाव होतं आणि अश्रूंना वेगळं. आपण दोषाला अश्रूंचं नाव दिलं, आणि त्यात अश्रूंची बदनामी झाली.

पानगळ

रतीला बोलणारे मम्मट भवभूतीला कसे सोडतात? त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकात राम किती वेळा मूर्च्छित पडतो!

दीडशहाणा

भवभूतीवर तसे आक्षेप घेणारे आहेतच. पण 'अपि ग्रावा रोदित्यपि दलति वज्रस्य हृदयम्', दगडही रडेल, वज्राचंही काळीज फुटेल, ही ओळ लोकांनी शतकानुशतकं डोक्यावर घेतली. रामाचं रडणं चालतं, कारण सीतेला टाकणारा तोच आहे. त्याच्या अश्रूंत अपराधाचं वजन आहे. नुसतं 'बिचारा मी' नाही.

कडबोळं

इंग्रजीतही घसरण हुबेहूब अशीच झाली. 'सेंटिमेंटल' हा अठराव्या शतकात कौतुकाचा शब्द होता. १७४९ साली एका वाचक बाईंनी कादंबरीकार रिचर्डसन यांना पत्र लिहून विचारलं होतं की सभ्य मंडळींत हल्ली जो तो वापरतो त्या 'सेंटिमेंटल' शब्दाचा अर्थ तरी काय? म्हणजे तेव्हा तो फॅशनमध्ये होता. पुढे शंभर वर्षांत त्याचा वास येऊ लागला.

खास हिणवण्यासाठी असलेले त्यांचे शब्द तर मजेदार आहेत. 'मॉडलिन' आला मेरी मॅग्डलिनच्या नावावरून. चित्रांत ती पश्चात्तापाने रडताना दाखवत, म्हणून. पुढे दारू पिऊन रडणाऱ्यांनाही तो शब्द लागला. संतिणीपासून दारुड्यापर्यंत! 'मॉकिश'च्या मुळाशी अळी आहे, त्यामुळे त्यात मळमळ आधीच भरलेली. आणि यिडिशमधून आलेला 'श्माल्ट्झ' म्हणजे वितळवलेली चरबी.

अवांतर : आपल्याकडे अश्रूवरून आलेला आसू, त्याचं अनेकवचन आसवे. आणि आसव म्हणजे मद्य. दोघांचा काही संबंध नाही, पण मॉडलिनचा किस्सा वाचल्यावर राहवलं नाही.

खवचट

इतके प्रतिसाद झाले आणि अजून कुणी साने गुरुजींचं नाव काढलं नाही? मराठीत गलदश्रू म्हटलं की पहिलं उदाहरण तेच देतात.

पानगळ

देतात, आणि मला तेच खटकतं. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकात डोळे सारखे भरून येतात, मान्य. पण लिहिणारा माणूस काय करत होता ते बघा. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून तो उपोषणाला बसला आणि मंदिर उघडलं. ज्याच्या रडण्यामागे जीव पणाला लावायची तयारी आहे, त्याला हा शब्द लावताना जीभ अडखळायला हवी.

आणि ज्या माणसाने त्या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला, तो कोण? आचार्य अत्रे. केशवकुमार नावाने कवींच्या उसन्या व्याकुळतेची सालटी काढणारा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात तिखट विडंबनकाराला ते अश्रू खोटे वाटले नाहीत. मला ही साक्ष पुरेशी आहे.

खवचट

माणूस थोर म्हणून पुस्तक सुटत नाही हो. उपोषण हे गुरुजींचं चारित्र्य झालं. लेखनात मम्मटाची 'दीप्तिः पुनः पुनः' आहे की नाही एवढाच प्रश्न. आणि आहे. अत्र्यांची साक्ष काढलीत, पण अत्रे स्वतः भाषणात लोकांना हसवता हसवता रडवण्यात पटाईत होते. ते निःपक्ष साक्षीदार नव्हेत.

दीडशहाणा

खवचट यांच्याशी अर्धा सहमत. पण 'श्यामची आई'त रडण्याला दर वेळी काही तरी कारण असतं : कर्ज, अपमान, भूक, घराची विभागणी. गरिबी पुन्हा पुन्हा येते म्हणून दुःख पुन्हा पुन्हा येतं. हे रतिविलापापेक्षा वेगळं आहे. ऑस्कर वाइल्डने (तोही तुरुंगातूनच, १८९७ मध्ये) म्हटलं होतं की भावनेची चैन हवी पण तिची किंमत मोजायची नाही, असा जो तो सेंटिमेंटल. या कसोटीवर गुरुजी बाहेर पडतात आणि त्यांची नक्कल करणारे अडकतात. गलदश्रू लेखन बहुतांशी नकलेतच सापडतं.

निळी शाई

+१. मूळ माणूस रडतो, नक्कल करणारा रडून दाखवतो. चैतन्यांच्या श्लोकातला 'कदा' गायब झाला की संपलं.

ठिपक्यांची वही

एक वेगळा मुद्दा. परीक्षणं वाचताना माझ्या डोक्यात दोन रकाने तयार झाले आहेत. 'हृद्य', 'हृदयस्पर्शी', 'काळजाला हात घालणारं' हे एका रकान्यात. 'गलदश्रू', 'भावबंबाळ', 'रडकथा' दुसऱ्या रकान्यात. लेखकाने आईवर लिहिलं की बहुतेकदा पहिला रकाना, लेखिकेने मुलीवर लिहिलं की दुसरा. मजकूर उलटापालटा करून बघा, विशेषणं लेखकाच्या नावाबरोबर फिरतात. शब्द व्याकरणात तिन्ही लिंगी चालतो म्हणतात, वापरात मात्र स्त्रीलिंगी दिसतो.

ओळंबा

टोला बरोबर बसला.

भावुकबद्दल अनुस्वार यांनी विचारलं होतं ते राहिलंच. पाणिनीचं सूत्र आहे ३.२.१५४. त्यात काही धातूंना 'उक' लागतो, स्वभाव किंवा सवय दाखवायला. भू पासून भावुक, कम् पासून कामुक, हन् पासून घातुक. तिघे एकाच सूत्रातले सख्खे भाऊ! म्हणजे प्रत्ययातच सवय आहे. मात्र भागवताच्या सुरुवातीला 'रसिका भुवि भावुकाः' असं प्रेमाने बोलावलं आहे, तिथे भावुक म्हणजे जाणकार, रस घेऊ शकणारा. मराठीने भाविक देवळासाठी ठेवला आणि भावुक घरगुती हळवेपणासाठी.

माझ्या कानाला क्रम असा लागतो : हळवा हा स्वभाव, भावुक ही सवय, भावविवश ही वेळ (त्या क्षणी माणूस स्वतःच्या ताब्यात नाही), आणि गलदश्रू हा आरोप. पहिले तीन माणसाला लागतात. चौथा आता जवळजवळ फक्त मजकुराला.

बांधावरून

हळवा शब्दावर मी बोलू का? आमच्याकडे हळवं भात असतं. लवकर तयार होतं ते हळवं, उशिरा येतं ते गरवं, मधलं निमगरवं. माणसाचा हळवा आणि भाताचा हळवा एकच का?

ओळंबा

एकच! वा, हे मला सुचलं नसतं. लघु(क) चं प्राकृतात लहुअ झालं, मग अक्षरांची अदलाबदल होऊन हलुअ. त्यातून हळू, हलका, हळवा. आणि गुरु(क) पासून गरुअ, त्यातून गरवा. म्हणजे भाताच्या नावात अजून लघु-गुरू ही जोडी शाबूत आहे. हळवा माणूस म्हणजे मुळात वजनाला हलका, पटकन हलणारा. पटकन पिकणाराही म्हणा हवं तर. यात टीका नाही, वर्णन आहे. म्हणूनच 'मी जरा हळवी आहे' असं कुणीही सहज सांगतं, आणि अनुस्वार म्हणाल्या तसं 'मी गलदश्रू आहे' असं कुणी सांगत नाही.

अनुस्वार

वाचनखूण साठवली आहे सगळ्यांची. एक शेवटचं : नाम करायचं तर 'गलदश्रूपणा' की 'गलदश्रुता'? आणि श्रू दीर्घ की ऱ्हस्व?

ओळंबा

शब्द सुटा असेल तर मराठीत शेवटचा उकार दीर्घ : अश्रू, गलदश्रू. समासात आधी आला किंवा संस्कृत प्रत्यय लागला की ऱ्हस्व : अश्रुपात, अश्रुधूर, गलदश्रुता. 'पणा' मराठी, त्याच्यापुढे दीर्घच : गलदश्रूपणा. दोन्ही चालतील. पैकी गलदश्रुता जरा जास्तच दरबारी वाटतं.

पानगळ

बांधावरून, माणसालाही गरवा म्हणतात का तुमच्याकडे?

बांधावरून

नाही ताई, भातालाच. पण म्हणायला हरकत नाही. आमचे आबा गरवेच. आत्याच्या लग्नात सगळे रडून मोकळे झाले, त्यांना पाणी आलं दिवाळीला.

तिरकस

आपला वाण निमगरवा. नोंद घ्यावी.